बाईसाहेब आणि चॅपलची नवी फरशी

आमचा आर्नोल्ड छत्तीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त करायचा. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, पण त्याच्या हातांना हे कुणी कळवलेलं नाही. ते सकाळी सातला जागे होतात आणि उघडायला काहीतरी शोधू लागतात. आजवर त्यांनी माझं शिवणयंत्र, शेजारच्या बाईंचं गवत कापायचं यंत्र आणि एकदा भाजत असलेल्या पावासकट टोस्टर उघडला आहे. उरलेला सगळा वेळ मोटारसायकलचा. ती आमच्या लग्नाआधीची आहे. दोन सिलिंडरची, दणदणीत. आर्नोल्ड तिला 'बाईसाहेब' म्हणतो. मला 'अगं' म्हणतो.

बाईसाहेब तेल गाळतात. इंजिनाकडून क्लचकडे जाणारी साखळी डाव्या बाजूच्या मोठ्या झाकणाआड तेलात फिरत असते, आणि ते झाकण चाळीस वर्षांत एकदाही घट्ट बसलेलं नाही. टेकडीवरच्या आमच्या चॅपलच्या, म्हणजे लहानशा चर्चच्या, आवारात खडी होती तोवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. या वसंतात तिथे फिकट पिवळी फरशी बसवली, आणि पहिल्याच रविवारी बाईसाहेबांनी तिच्यावर बशीएवढा डाग पाडला.

आवाराची देखभाल हेडली बूथरॉइडकडे असते. तो आणि आर्नोल्ड आमच्या गायकवृंदातले खालच्या पट्टीचे दोनच गाणारे. वीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहतात. हेडलीने गुडघ्यांवर बसून तो डाग घासला, निघाला नाही, मग त्याने सुवाच्य अक्षरात नियम लिहून दारावर लावला.

"तुझी गाडी टेकडीखाली रस्त्यावर लाव," तो आर्नोल्डला म्हणाला. "चालत ये वर. पोट कमी होईल."

"जिथे तिला मज्जाव, तिथे मलाही," आर्नोल्ड म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

तीन रविवार तो आला नाही. मी एकटीच बसले, शेजारी त्याची गाण्याची वही ठेवून. वृंदात हेडली एकटाच घुमत होता, रिकाम्या पिंपात कुणी खोकावं तसा. जूनच्या शेवटच्या रविवारी चॅपलचा वर्धापनदिन. तेव्हाही हा आला नाही तर पुढे कधीच येणार नाही, हे मला ठाऊक होतं. आर्नोल्डच्या सटक्लिफ घराण्यात रुसवे वारशाने चालतात. त्याच्या वडिलांनी एका न्हाव्याशी मरेपर्यंत अबोला धरला होता, आणि गावात न्हावी तेवढा एकच होता.

मी प्रार्थना केली. उत्तर टपालाने आलं, चपट्या खोक्यातून. आर्नोल्डने कुठल्याशा कारखान्याकडून जुन्या गाड्यांना बसणारा दातेरी रबरी पट्टा मागवला होता, दोन नव्या चाकांसह.

"साखळीला तेल लागतं, पट्ट्याला लागत नाही," तो मला समजावू लागला. "आत तेलच नाही तर गळणार काय?"

"मग हे आधी का नाही बसवलंस?"

"आधी फरशी नव्हती."

त्याने मंगळवारी झाकण उघडलं, साखळी काढली, क्लच काढला, नवी चाकं चढवली. पट्टा तापतो, म्हणून हवा खेळायला झाकणाला खालच्या बाजूने भोकं पाडली. पट्टा मात्र त्याने मागाच्या पट्ट्यासारखा ताणला. माझ्या बोटानेही दबेना. खोक्यातल्या सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं की थंड असताना थोडा सैल ठेवा, इंजिन तापलं की तो आपोआप आवळतो. पण कागद लिहिणाऱ्याने गिरणीत काम केलेलं नव्हतं, म्हणून आर्नोल्डने त्याला विचारात घेतलं नाही. बुधवारी गाडी चालू केली तेव्हा पट्टा असा काही विव्हळला की समोरच्या घरातली कुत्री उत्तर देऊ लागली. गुरुवारी त्याने गिअरबॉक्स जरा पुढे सरकवला, पट्टा सैल केला आणि कागद चांगला आहे असं मान्य केलं, कागदापुरतं.

हेडली शुक्रवारी फाटकाशी येऊन उभा राहिला.

"ऐकलं, तू गाडीला कंबरपट्टा घातलास म्हणे."

"रविवारी बघ. एक थेंब पडला तर परत आणणार नाही."

"गाडी की स्वतःला?"

"दोघांनाही," आर्नोल्ड म्हणाला. माझ्या हातातला चहा कपातच राहिला.

शनिवारी संध्याकाळी, ऊन अजून अंगणात असताना, मी ओट्याशी पुडिंगचं पीठ फेटत होते. आर्नोल्डची शनिवारची रीत ठरलेली: पाचला बाईसाहेबांना तेल, सहाला स्वतःला आंघोळ. चाळीस वर्षांत ना तेल चुकलं ना आंघोळ. मी खिडकीतून पाहिलं तर तो झाकणाचं बूच उघडून डबा ओतत होता, शीळ घालत, मन कुठेतरी दुसरीकडे. तेल वरून आत जात होतं आणि नव्या भोकांतून खाली त्याच्या सपातांत येत होतं. शीळ थांबली.

"अगं," तो म्हणाला, "जरा बाहेर ये. आणि काही बोलू नकोस."

मी काही बोलले नाही. एवढं पुण्य माझ्या खाती नक्की जमा झालं असेल. झाकण पुन्हा उतरलं. पट्टा मी गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतला आणि उशांच्या अभ्र्यांमध्ये दोरीवर वाळत घातला. क्लचच्या तेलकट चकत्या आर्नोल्डने रॉकेलने पुसल्या, मग मी साबणाने, मग पुन्हा त्याने. त्या मंद आचेवर ओव्हनमध्ये वाळवल्या, पुडिंगच्या ट्रेमध्ये. क्लचच्या चकत्यांसाठी प्रार्थना करावी का, याचा मी थोडा विचार केला. मग चकत्यांचं नाव न घेता, मोघम केली.

वर्धापनदिनाच्या रविवारी बाईसाहेब, क्लच एकदाही घसरू न देता, चॅपलची टेकडी चढल्या. मी मागे बसले होते, मांडीवर ट्रे. हेडलीची तशी अट होती: गाडीखाली स्वच्छ ट्रे ठेवायचा, उपासना संपल्यावर सर्वांदेखत पाहायचा. पट्ट्याचा आवाज इतका हळू होता की दारातल्या दोघी बायकांनी आम्ही ढकलत आलो का असं विचारलं.

आर्नोल्ड हेडलीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे न पाहता पहिलं गीत असं म्हटलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. उकाड्यामुळे खिडक्या उघड्याच होत्या. मग पाद्री मिस थॉर्प म्हणाल्या, "आता आपण शांतपणे मनातल्या मनात प्रार्थना करू."

शांतता पसरली. आणि बाहेरून आवाज आला: टण्.

माझे डोळे मिटलेले होते, पण आर्नोल्डचे कान लाल झालेले मला तरीही दिसले. मी देवाला म्हटलं, तो पक्षी असू दे. टण्. हेडलीने एक बोट वर केलं होतं, आता दुसरं केलं. मिस थॉर्प यांनी प्रार्थना लवकर आटोपली, पण तिसरा थेंब त्यांच्या 'आमेन'आधी पडला.

उपासना संपताच सगळे बाहेर आले. आर्नोल्ड रविवारच्या सुटातच गाडीखाली आडवा झाला. आम्हाला नुसते त्याचे बूट दिसत होते.

"पट्ट्याचं झाकण खडखडीत कोरडं आहे," खालून आवाज आला. "हे गिअरबॉक्सचं तेल."

"थेंब तो थेंब," हेडली म्हणाला, पण त्याचा आवाज जिंकलेल्या माणसासारखा नव्हता. तीन रविवार एकट्याने गाऊन त्याचा घसा बसला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी बोललो होतो," आर्नोल्ड बाहेर येत म्हणाला. पाठीला फरशीची धूळ. "चल गं. घरी."

तेव्हा मिस थॉर्प यांनी विचारलं, "हेडली, दारावर नेमकं काय लिहिलंय तुम्ही?"

हेडलीने जाऊन वाचलं. परत आला. पुन्हा जाऊन चष्मा लावून वाचलं.

"'फरशीवर तेल पडता कामा नये,'" तो म्हणाला.

"आणि फरशीवर किती पडलं?"

हेडलीने वाकून पाहिलं. सगळ्यांनीच वाकून पाहिलं.

"फरशीवर नाही पडलं," तो शेवटी म्हणाला. "ट्रेमध्ये पडलं."

"म्हणजे," आर्नोल्ड सावकाश म्हणाला, "एक ट्रे ठेवला असता तरी चाललं असतं? पहिल्यापासून?"

मी त्याच्या पाठीवरची धूळ झटकू लागले.

"दुपारच्या गायनाला येशील ना?" हेडलीने बुटांकडे बघत विचारलं. "मी एकट्याने तो शेवटचा सूर धरू शकत नाही."

"तू कधीच धरू शकत नव्हतास," आर्नोल्ड म्हणाला आणि कोट झटकला. "येतो."

मग हेडलीने खाली वाकून ट्रे उचलला. तीन थेंब सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी, श्वास रोखून, दानाची थाळी वेदीकडे नेतात तसा तो नाल्याकडे निघाला, आणि लोक बाजूला होऊन त्याला वाट देऊ लागले.

"जपून, हेडली," आर्नोल्ड मागून म्हणाला. "खाली फरशी आहे."