आबांच्या पापण्या

पापण्यांचं ऑपरेशन कसं असतं, हे मी आता कुणालाही सांगू शकते. गावातल्या दोघीतिघींनी विचारलं, त्यांना सांगितलंही. सुई कुठं टोचतात, टाके कधी काढतात, सूज किती दिवस राहते, सगळं. फक्त ते काहून केलं, हे विचारू नका म्हणते. नीट दिसावं म्हणून केलं, असं मी समजत होते. ज्या लेकीनं ते करायला लावलं तिच्या मनात वेगळंच होतं, आणि तिनं मला चांगले दोन महिने गाफील ठेवलं. सख्ख्या आईला!

कुरुंद्याला आमचं घर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मालक हळद लावतात. माझ्या पापण्या पहिल्यापासूनच जड. वरची कातडी ओघळून पार केसांवर टेकलेली. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, अगदी अश्शाच होत्या. आबा पारावर तावातावानं बोलत असायचे आणि नवखा माणूस शेजारच्याला विचारायचा, हा गडी झोपेत बोलून राहिला का? माझ्या वर्गातली पोरं मला झोपाळू बाई म्हणतात, मला माहीत आहे. म्हणेनात का. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "मॅडम, जागं राहा जरा." मी त्या वेळी त्यांच्याच कागदातल्या चुका मोजत होते. असा संताप आला होता, पण साहेब पडले, काय करता.

तर सांगायचं म्हणजे, या पापण्यांची मला कधी लाज वाटली न्हाई. आबा गेल्यावर तर त्या मला आवडायलाच लागल्या. आरशात बघितलं की ते भेटायचे.

लेक पुण्याला नोकरीला. यंदा हळद शिजायच्या दिवसांत चांगली दहा दिवसांची सुट्टी टाकून आली. एरवी दोन दिवस राहा म्हटलं तर घड्याळ दाखवणारी पोरगी! आली आणि माझ्या मागंच लागली. "आई, तू भुवया उचलून उचलून बघतेस. म्हणून तुझं कपाळ दुखतं संध्याकाळी."

दुखायचं, ते खरं होतं.

"वरचं तुला दिसतच नाही अर्धं. उद्या गाडीखाली येशील. नांदेडला डॉक्टर बघून ठेवलेत मी. सगळं मी करते, तू फक्त चल."

मला भरून आलं. शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं, माझ्या लेकीचं माझ्या कपाळदुखीवर लक्ष आहे, तुमच्या लेकांना विचारा तुमचा गुडघा कोणता दुखतो ते. इतकी फुशारकी मारली मी. आता ते आठवलं की जीव जळतो.

डॉक्टरांचा दोष काढणार नाही. भला माणूस होता. त्यांनी डोळे तपासले, वरचं किती दिसतं ते मशीनवर बघितलं आणि मला बराबर मराठीत सांगितलं, "बाई, नजर तुमची चांगली आहे. याची गरज अशी नाही. हे हौसेचं ऑपरेशन आहे, समजून घ्या." लेक लगेच म्हणाली, "आम्हाला समजलंय सर, पण तिला तकलीफ होते ना." तिचा हात माझ्या खांद्यावर होता. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं, पण धरलं न्हाई. लेकीचं धरलं. मग संमतीचा कागद आला, दोन पानी. प्रश्न दोनदा वाचा म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, लेक जिथं बोट ठेवेल तिथं सही करत गेले.

ऑपरेशन म्हणाल तर तासाभराचं. आधी बसवून पेनानं पापण्यांवर रेघा मारतात. मग आडवं करून भुलीची सुई पापणीतच टोचतात. ती मात्र झोंबते, आई आठवते. पुढं दुखत न्हाई, पण आपण जागेच असतो, सगळं कळतं. कातडी ओढल्यासारखी वाटते. शेगडीवर केस पडल्यावर येतो तसा जळका वास येतो आणि तो आपलाच असतो. घरी पाठवताना सांगितलं, दोन उशा घेऊन झोपा, बर्फाच्या पाण्याच्या घड्या ठेवा, वाकू नका, ओझं उचलू नका, धुरात जाऊ नका. हळदीच्या दिवसांत कुरुंद्यात धुरात जाऊ नका म्हणे! गावभर हळदीच्या कढया पेटलेल्या, पळून जाऊ कुठं?

दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सूज अशी चढली की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या. काळंनिळं गालापर्यंत उतरलं. मलमानं सगळं धूसर. आणि डोळे पुरते मिटेनात! झोपेतसुद्धा फट राहायची, सकाळी डोळ्यात वाळू भरल्यासारखं व्हायचं. हे सगळं होतं आणि हळूहळू जातं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. लेकीनं सांगितलेलं एवढंच, "चार दिवसांचा खेळ आहे आई." खेळ!

आणखी एक तिनं बजावलं होतं. कोणी विचारलं तर मोतीबिंदू म्हणायचं. "लोकांना पापणीचं कळत नाही, उगाच फाटे फोडतात." मला पटलं. आता आमच्याकडं दवाखान्यातून कोणी घरी आलं की अख्खी गल्ली भेटायला येते, बिस्किटाचे पुडे घेऊन. शेजारची म्हातारी आली. तिचा स्वतःचा मोतीबिंदू गेल्या वर्षी निघालेला. ती माझ्यासमोर बसली, माझा काळा चष्मा स्वतःच्या हातानं वर केला आणि म्हणाली, "काय गं मॅडम, माझा तर एकाच डोळ्याचा काढला. तुझे दोन्ही संगं? आन् मारलं का काय त्यांनी तुला?" मी काहीतरी थापा मारल्या. तिला पटलं न्हाई, पण माया मोठी. जाताना म्हणाली, "घरची हळद असताना इंग्रजी मलम काय लावून राहिली?"

आणि मी लावली की! मास्तरीण बाई, विज्ञान शिकवते, आणि खलबत्त्यात कुटलेली नवी हळद तुपात कालवून टाक्यांवर थापली. टाके काढायला गेले तर डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. चिघळलं न्हाई, नशीब, पण पिवळा रंग पुढं कितीतरी दिवस पापण्यांवरून निघाला न्हाई. मालक म्हणायचे, "नवरीची हळद अंगाला लागते, हिची डोळ्याला लागली." मीही हसायचे.

एव्हाना लेक पुण्याला परत गेली होती. रोज फोन करायची आणि रोज फोटो मागवायची. सूज किती उतरली, रेघ किती फिकी झाली, दोन्ही डोळे सारखे दिसतात का. कपाळ दुखतं का, हे तिनं एकदाही विचारलं न्हाई. मला ते तेव्हा खटकलं न्हाई. लेकीची काळजी म्हणून मी रोज उजेडात उभी राहून फोटो काढून घ्यायचे.

चैत्रात तिची सोयरीक ठरायची होती. मुलगा तिनंच पसंत केलेला, पुण्यातलाच नोकरीवाला, पण घर आमच्याच जिल्ह्यातलं, गोरेगावकडचं. जातपात, शेतीवाडी, सगळं जुळत होतं. त्याच्याकडची मंडळी प्रथमच घरी येणार होती. आमच्याकडं अशा वेळी बायका पोरीला वरवर बघतात, ती तर नटलेलीच असते. खरं बघतात ते आईला. बसते कशी, दात कसे, केस किती उरलेत. वीस वर्षांनी सून कशी दिसणार, त्याचा अंदाज घेतात. मीही दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच केलेलं आहे, खोटं काहून बोलू.

पाहुणे यायच्या सकाळी नवी चादर काढायला मी कपाट उघडलं. गोधड्यांच्या खाली आबांचा फोटो, पालथा घातलेला. बाहेरच्या खोलीत दाराच्या वर असतो तो. मला वाटलं, पाहुण्यांसाठी भिंतींना रंग देताना मालकांनी काढला असेल. पुसून पुन्हा लावायला निघाले तर आदल्या रात्रीच पुण्याहून आलेली लेक धावत आली.

"आई, तो नको ना लावू आज."

"काहून?"

"असू दे ना."

"अगं पण काहून? माझ्या बापानं काय घोडं मारलंय?"

तिनं नजर खाली घातली. मी तिच्याकडं बघितलं, आणि का कुणास ठाऊक, त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या पापणीच्या घडीत एक बारीक रेघ होती. आता ती रेघ मला आरशातून पाठ झालेली होती. टाके जिथं संपतात तिथं बाहेरच्या बाजूला किंचित वर जाते, बराबर तशीच.

लहानपणी तिच्याही पापण्या आबांसारख्याच होत्या, माझ्याइतक्या जड न्हाई, पण होत्या. दोन वर्षांपूर्वी ती पुण्याहून आली तेव्हा डोळे मोकळे दिसले होते. मी विचारलंही होतं. वजन उतरलं आई, म्हणाली होती. आणि मी शाळेत सांगितलं होतं, पुण्याचं पाणी मानवलं पोरीला.

"तू पण केलंस," मी म्हणाले.

ती खाली बसली. मग सगळं बाहेर आलं. त्या मुलाला तिचे डोळे फार आवडतात म्हणे. पहिल्याच भेटीत तो तसं म्हणाला आणि तिच्यानं खरं सांगवलं न्हाई. मग दिवस गेले, मग आणखीच सांगवेना. आणि त्याची आत्या फार चौकस. तिनं माझ्या जुन्या पापण्या बघितल्या असत्या, वर भिंतीवर आबा, तर तिनं तिथंच विचारलं असतं, पोरीचे डोळे कुणावर गेले?

म्हणजे माझं कपाळ नव्हतं, माझी नजर नव्हती. पुरावा होते मी. पुरावा पुसून घेतला पोरीनं. आणि मालकांना ठाऊक होतं! त्यांच्याकडं बघितलं तर ते चप्पल शोधायला बाहेर गेले.

ओरडायचं होतं मला. तेवढ्यात जीप दारात थांबली.

आत्याबाई माझ्यासमोरच बसल्या. पोह्यांची बशी हातात तशीच धरून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग लेकीला. "डोळे मात्र आईचे घेतले हो पोरीनं," त्या खुशीत म्हणाल्या. लेक माझ्याकडं बघत होती. मी नुसतं न्हाई म्हणाले असते तरी सगळं संपलं असतं. तिचा चेहरा बघवेना. "व्हय," मी म्हणाले. "आमच्या घराण्याचेच आहेत ते." सोयरीक ठरली. साखर वाटली.

मंडळी गेल्यावर आम्ही दोघी मोरीपाशी भांडी घासत होतो. ऊन अजून अंगणात होतं. ती हळूच म्हणाली, "आई, तू आज वाचवलंस."

"मला खरं सांगितलं असतं तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"कुणी सांगितलं तुला? न्हाई म्हणले नसते गं मी. दोन शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस जेवले नसते, आन् तिसऱ्या दिवशी तुझ्यासंगं नांदेडला आले असते. पण माझं मी आले असते."

तिच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही आलं असेल. ऑपरेशनपासून माझे डोळे तसेही पाझरतात, त्यामुळं मला नीट कळलं न्हाई. वाटलं, आता पोरगी पाघळली, आता म्हणेल, चुकलं माझं. म्हणून मी जरा मऊ आवाजात विचारलं, "आन् उद्या तुला लेकरू झालं, त्याच्या पापण्या आबांसारख्या निघाल्या, मग काय सांगशील त्यांना?"

तिनं हातातला कप नळाखाली धरला, धुतला, पालथा घातला.

"त्यांच्याकडच्या आजोबांचे डोळे जरा बारीकच आहेत आई," ती म्हणाली. "त्यांच्यावर गेलं म्हणायचं."