मंडईच्या गावात कोंडलेली सायकल

आलापल्लीच्या लिलावाला मी सायकलने निघालो, कारण मोटारीचा भरवसा नव्हता आणि वाटेत मित्र होते. या दुसऱ्या कारणाने माझा घात केला.

नागभीडच्या लाकूडटालावर मी आधी ओंडके उचलले, मग मोजले, मग दुसऱ्यांसाठी भाव पाडले. मालगुजाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाऱ्या, नुकत्याच गेल्या होत्या. माझ्यासारख्या बिनजमिनीच्या माणसालाही बोली लावता येईल असे दिवस आले होते. त्या साली मी पहिल्यांदा स्वतःसाठी बोलणार होतो. बांबूतोडीचा एक कूप, म्हणजे लिलावात निघणारा जंगलाचा तुकडा, मी पायी फिरून पाहून ठेवला होता. आत खोलवर किती माल उभा आहे हे दुसऱ्या कुठल्याच ठेकेदाराला ठाऊक नव्हतं.

मूलला माझा कल्हईवाला दोस्त राहायचा. त्याने चहा पाजला, साखळीला तेल घातलं आणि मला हाकललंच. "जेवण वापसीत कर. लिलाव तुह्यासाठी रुकत नाई." मित्र असावा तर असा.

वैनगंगा डोंग्यातून ओलांडली. चामोर्शीच्या अलीकडे टालावरच्या माझ्या जुन्या जोडीदाराचं गाव होतं. फक्त पाणी प्यायला उतरलो. उद्या त्यांच्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते. त्या दिवशी घरी पाहुणा नसला तर घराला कमीपणा, आणि आलेला पाहुणा मंडई न पाहता गेला तर त्याहून मोठा.

"आलास तं आता मंडई पाहूनच जा," तो म्हणाला.

"परवा सकाळी लिलाव हाये. उद्याचा दिवस मले रस्त्यालेच लागते."

"लिलाव दरसाल होते बे."

"मंडई का बारा वर्सांनी होते?"

तो हसला. जेवायला वाढलं, मुक्काम करायला लावला. पहाटे उठून पाहतो तर सायकल धानाच्या खोलीत कोंडलेली, दाराला कुलूप, आणि किल्ली घेऊन हा गृहस्थ दंडारीची, म्हणजे रात्रीच्या नाच-नाटकाची, मंडळी आणायला दुसऱ्या गावी गेलेला. कुठल्या गावी, ते घरात कुणी सांगेना.

मी पाटा-वरवंट्यातला वरवंटा उचलला. त्याची आई दारापुढे येऊन बसली.

"फोड, बापू. पहिले माह्या डोक्शावर घाल, मंग कुलपावर."

"माय, माह्या पोटावर पाय येऊन राह्यला."

"पोटासाठी तं सांगून राह्यली. वडे तळले हायेत."

गल्लीतली माणसं जमली. मला वाटलं, एखादा तरी माझ्या बाजूने बोलेल. सगळे खूश होते. "मित्र असावा तं असा," एक म्हातारा म्हणाला. आयुष्यभर मी घासाघीस करून जगलो. समोरच्याला काय हवंय ते कळलं की सौदा जुळतो. पण या लोकांना मी हवा होतो, फक्त तिथं बसलेला. त्यातून काय कमी करणार?

दिवस मावळताना तो आला, खांद्यावर बोकड घेऊन. मी त्याला आईच्या देखत शिव्या दिल्या. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आता जा, जंगलात वाघ हाये."

उजाडताच निघालो. आलापल्लीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. लोक झाडाखाली बसून पानं खात होते. माझा कूप गेला होता. ज्याने घेतला त्याने कडेकडेची बांबूची बेटं तेवढी पाहिली होती. तो कुरकुरत होता की माल कमी दिसतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

मित्राने पैसे खाऊन मला अडवलं असतं तर मी त्याचा हिशेब तिथंच चुकता केला असता. त्याने प्रेमाने अडवलं. प्रेमाविरुद्ध फिर्याद कुणाकडे करायची? पुढची तीन वर्षं मी पुन्हा दुसऱ्यांसाठी भाव पाडत फिरलो.

त्या लिलावाहून मी परतत होतो तेव्हा तो रस्त्यावरच उभा होता. "भेटला का गा कूप?" मी उतरलो नाही. तो सायकलच्या बाजूने थोडा धावला. पळसाच्या पानात बांधलेलं मटण त्याच्या हातात होतं. मी पायडल मारत राहिलो.

आता माझे स्वतःचे कूप आहेत. तो गावभर सांगतो, पैसा आला आणि मित्राला विसरला. मंडईचं बोलावणं मात्र दरसाल धाडतो. मी दरसाल नाही म्हणतो.