शेजारणीचे पितर

कुवेतमध्ये हवल्लीतल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये अमेरिकन बाई राहायला आली हे कळल्याबरोबर माझी मोठी जाऊ फहाहीलहून चकल्यांचा डबा घेऊन हजर झाली. एरवी तिला हवल्ली नकोशी वाटायची. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांना ती तशीच वाटते. पण मुलाला पुढे अमेरिकेला पाठवायचं होतं, तेव्हा ओळख असलेली बरी. आम्ही दोघींनी बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, पन्नाशीच्या, चांगल्या काळ्या बाईनं. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. जाऊबाईंनी डबा छातीशी धरला, "सॉरी, राँग फ्लॅट," म्हणाल्या आणि माझ्या घरात परत शिरल्या. चकल्या मागाहून मीच नेऊन दिल्या. मऊ पडल्या होत्या, पण ती बाई आवडीनं खात बसली.

ही गोष्ट दोन हजार दोनच्या सुमाराची. मी सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करत होते आणि ती त्याच इस्पितळात नर्सेसना शिकवायला आली होती. सकाळची बस एकच, त्यामुळे मैत्री व्हायला वेळ लागला नाही. पितरांबद्दल पहिल्यांदा आम्ही बोललो तेही बसमध्येच. दुसऱ्या दिवशी शुक्रवार असूनही माझी ड्यूटी लागली होती आणि मला सुट्टी हवी होती. का, म्हणून तिनं विचारलं. घरी श्राद्ध आहे, असं सांगितलं, तर ती जागेवर वळूनच बसली.

"तुम्हीही मेलेल्यांना जेवायला घालता? काय घालता?"

"खीर, वडे, अळूची भाजी."

"त्यांना आवडायचं ते?"

"ठरलेलं असतं ते."

"आणि बोलता काय त्यांच्याशी?"

आता हिला काय सांगणार? आमच्याकडे कॅसेट बोलायची. माझे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, पेट्रोकेमिकलमध्ये वरच्या हुद्द्यावर आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. सासूबाई गेल्यापासून त्यांनी श्राद्धाची सगळी व्यवस्था चोख लावली होती. तिथी कुठलीही येवो, श्राद्ध शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी. नाशिकहून एका गुरुजींकडून मंत्रांची कॅसेट भरून आणलेली. टेप लावायचा, त्यात "इथे आजीचं नाव घ्या" असं आलं की पॉजचं बटण दाबायचं. त्या वर्षी भाऊजींनी बटण दाबलं आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"आजीचं नाव काय होतं रे?"

"आजीच म्हणायचो की आपण."

भाऊजींनी घड्याळ बघितलं आणि टेप पुढे सोडला. मग सगळे दणकून जेवले आणि मॅच बघायला बसले. सासूबाईंच्या फोटोला हार होता. प्लॅस्टिकचा, दर वर्षी धुऊन वापरायचा.

माझ्या शेजारणीच्या घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जमिनीवर पांढरं कापड अंथरलेलं असे. त्यावर आईबापांचे, आज्यांचे फोटो, पाण्याचे ग्लास, आणि कडेला टवका उडालेली एक ताटली. स्वतः जेवण्याआधी त्यातलंच थोडं ती ताटलीत वाढायची. ताटली मुद्दाम फुटकी, कारण ती जिवंत माणसाची नव्हे. मग शेजारी बसून ती बोलायची. आज बस चुकली, गुडघा दुखतोय, भाचीला मुलगी झाली. काही विचारायचं असलं तर नारळाचे चार तुकडे टाकायची आणि पांढरी बाजू किती वर आली ते बघायची.

ही रीत योरुबांची. योरुबा म्हणजे पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाकडची माणसं. त्यांतली जी गुलाम म्हणून जहाजात भरून समुद्रापार नेली, त्यांनी तिकडे आपले देव आणि आपले पितर मालकांपासून लपवून सांभाळले. हिला हे न्यूयॉर्कमध्ये एका म्हाताऱ्या क्युबन बाईनं शिकवलं होतं. ही स्वतः चर्चमध्ये वाढलेली.

"मग चर्च पुरलं नाही का तुला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "लहानपणी आजीला विचारायचे, आपण कुठले? ती म्हणायची, जॉर्जियाचे. त्याच्या आधी कुठले? तर म्हणायची, आधी काही नाही. मला ते 'आधी काही नाही' कधी पटलं नाही."

एकदा जाऊबाई माझ्याकडे आलेल्या असताना तिनं आम्हा दोघींना चहाला बोलावलं. माझा नाइलाज आणि जाऊबाईंना कुतूहल, म्हणून गेलो. जाऊबाईंनी कोपरा पाहिला, ताटलीतला भात पाहिला, नारळाचे तुकडे पाहिले. हे काय, ते काय, सगळं विचारून घेतलं. तिनंही मोकळेपणानं सांगितलं. चहाला मात्र जाऊबाईंनी तोंड लावलं नाही. जिन्यात माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं, ही करणी करते! पोरंबाळं आहेत तुझ्या घरात."

"वहिनी, परवा आपणही भातच वाढला होता."

"आपलं शास्त्र आहे. हे काहीतरी भलतंच."

पुढच्या शुक्रवारी मंडळात ही बातमी फिरली. फिरता फिरता तिच्यात रक्त आलं, कोंबडी आली, मध्यरात्र आली. कुवेतमध्ये असल्या गोष्टीची थट्टा नसते. जादूटोण्याचा नुसता संशय आला तरी पोलीस घरी येतात आणि परदेशी माणसाची थेट पाठवणी होते. हे भाऊजींना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी स्वतः पुढे न होता मंडळातल्या एका अरबी बोलणाऱ्याकडून आमच्या इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, फोन करवला.

संध्याकाळी हारिस तिच्या दारात उभा. मीही बाहेर आले. तिनं त्याला आत नेऊन एकेका फोटोवर बोट ठेवलं. ही माझी आई, हे वडील, ही आजी, सगळे गेले. तो इजिप्शियन माणूस ओशाळला, मेलेल्यांसाठी दोन शब्द पुटपुटला आणि कुणी फोन केला तेही सांगून गेला.  दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कोपरा रिकामा. कापड, फोटो, ताटली, सगळं तिनं बाथरूममध्ये बेसिनखाली नेऊन मांडलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तर तीच मला समजावू लागली. "अगं, आमच्यात फ्लॅटमध्ये राहणारे पुष्कळ जण तिथेच मांडतात. आमच्या पितरांना लपायची सवय आहे."

मी तडक फहाहीलला फोन लावला. भाऊजींनीच उचलला.

"हे बघ, आपण परक्या देशात राहतो," ते मंडळाच्या आवाजात म्हणाले. "उद्या आपल्या लोकांवर बालंट यायला नको."

"काडी तुम्ही लावलीत भाऊजी, आणि बालंट तिच्यावर गेलं."

त्यांनी फोन ठेवला. नवरा म्हणाला, "मोठ्यांशी असं बोलू नये." मी त्याला म्हटलं, आधी आजीचं नाव शोधून आण, मग मला शिकव.

मग शेजारच्या इराकवर हल्ला होणार, होणार, असं सुरू झालं. लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावू लागले, पाण्याच्या बाटल्यांची खोकी घरात रचू लागले. मंडळाची सभा भरली. भाऊजी म्हणाले, "कुणीही घाबरून पळ काढू नये. अध्यक्ष म्हणून मी शेवटपर्यंत इथेच आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दोनच दिवसांनी भर दुपारी जाऊबाई माझ्या दारात. घामाघूम. भाऊजी खाली गाडीत, एसी लावून.

"अगं, ती नारळ टाकते ना? विचार ना तिला. जायचं की राहायचं."

"करणीवालीला विचारू?"

"आता जुनं काढू नकोस. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

मी समोरची बेल वाजवली. माझ्या मनात होतं की तिनं या बाईला उंबऱ्यावरूनच हाकलावं. पण तिनं आत घेतलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. जाऊबाई या वेळी ते गटागटा प्यायल्या. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तुमचे पितर मला ओळखत नाहीत. मी कुणाच्या नावानं विचारू? तुम्ही विचारा. हवा तर नारळ मी देते."

"पण आम्हाला कुठे येतं ते?"

"सासूबाईंचं नाव घ्या आणि बोला. त्यांना तुमची भाषा येते, माझी येत नाही."

सासूबाई हयात असताना महिन्याचा फोनसुद्धा नवऱ्याच्या हातात कोंबणारी ही बाई. बोलणार काय?  खालून हॉर्न वाजला, तशी उठली. लिफ्टपाशी मला म्हणाली, "भाव खाते नुसती. येत नसणार काही."

त्याच आठवड्यात अध्यक्ष सहकुटुंब विमानात बसले. कंपनीची सूचना होती म्हणे. त्याच कंपनीतला माझा नवरा मात्र प्लांटवर ड्यूटी करत होता.

इस्पितळवाल्यांना जाता येत नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघी राहिलो. युद्ध सुरू झाल्यावर क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की ती माझ्याकडे यायची आणि आम्ही पट्ट्या लावलेल्या खोलीत दार बंद करून बसायचो. मुलं कानावर उशा धरायची. एके सकाळी भोंगा फार वेळ चालला. ती खाली मान घालून पुटपुटत होती. आईचं नाव, आजीचं, पणजीचं, आणि मग ज्यांची नावं पुसली गेली त्या सगळ्यांसाठी एकच लांब वाक्य. ती भाषा मला कळत नव्हती. भोंगा थांबल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?"

"काहीच नाही. म्हटलं, भोंगा वाजतोय, पण मी ठीक आहे. काळजी करत असतील."

आंब्याच्या दिवसांत भाऊजी परतले आणि मंडळानं संकटकाळात समाजाला धीर दिल्याबद्दल त्यांचा सत्कार केला. मी त्या दिवशी मुद्दाम ड्यूटी मागून घेतली.

पुढे दोन-तीन वर्षांनी तिचं कंत्राट संपलं आणि ती कायमची अमेरिकेला गेली. त्याच वर्षीच्या पितृपक्षात भाऊजींनी मंडळात भाषण ठोकलं. विषय, पितृऋण : एक जागतिक विचार. त्यात त्यांनी सांगितलं की आफ्रिकेतही आपल्यासारखीच थोर परंपरा आहे, आणि आमच्या परिचयाच्या एका विदुषींच्या घरी ती आम्ही जवळून पाहिली. मी पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली. जाऊबाई शेजारी बसून मान डोलावत होत्या. "फार सात्त्विक बाई होती हो," त्या पलीकडच्या बाईला सांगत होत्या.

मी हे सगळं तिला फोनवर सांगितलं, तर ती खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, "जाऊ दे, राग धरून काय करायचंय?" तिचं खरं असेल. मला मात्र तो अजून येतो, आणि जावा असं वाटतही नाही.