शेवटचा बांध

जमीन दाखवायची माझी एक रीत होती. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की चहा नाही, कागद नाही; त्याला घेऊन झपाझप सगळा बांध फिरायचा. शेवटच्या कोपऱ्यावर साहेबांना धाप लागलेली असायची, तेव्हा मी भाव सांगायचो. धापा टाकणारा माणूस घासाघीस करत नाही. वाघोलीच्या आसपास आयटीवाल्यांसाठी सोसायट्या उठू लागल्या, त्या काळात माझा धंदा या चालण्यावरच उभा राहिला.

मग धाप मलाच लागू लागली. तरुणपणी खडीच्या क्रशरवर खाल्लेली धूळ, वर विड्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पूर्ववत व्हायची नाहीत. धाकट्या भावाने लगेच प्लॉटवर खुर्ची आणली. "दादा, तू बस. मी फिरवतो." बायकोनेही तेच धरलं. मी चिडायचो, पण बसायचो. बसता बसता भाऊ मालक झाला आणि मी गिऱ्हाइकाला चहा विचारण्यापुरता थोरला उरलो. तो राग अजून गेलेला नाही.

काही वर्षांनी, नाइलाजाने, कोथरूडला छातीच्या रुग्णांच्या व्यायामवर्गाला गेलो. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने माझ्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. "काका, छाती आजारी आहेच. पण पाय तुम्ही बसून घालवलेत." घाईने चाललं की आतली हवा पुरती बाहेर पडायच्या आधीच आपण नवी ओढतो, म्हणून छाती गच्च होते, असं तिने समजावलं. शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून श्वास सावकाश सोडायचा. सवय मोडलेले पाय हवाही जास्त मागतात. त्यांत ताकद आली, की तेवढ्याच दमात लांब जाता येतं. मी तिच्याशीही हुज्जत घातली. तिने घड्याळ पाहिलं.

"बोलून झालं असेल तर चला."

पावसाळा सरला तेव्हा एक दिवस भावाला न विचारता गिऱ्हाइकाबरोबर बांधावर निघालो. मध्येमध्ये थांबून ओठांतून श्वास सोडत होतो. बोलायला दम नव्हता. भाव गिऱ्हाइकानेच सांगितला. मी गप्प. त्याला तो नकार वाटला असावा. कोपरा यायच्या आत त्याने आपणहून भाव वाढवला.

कोपऱ्यावर भाऊ खुर्ची घेऊन उभा होता. मी बसलो नाही. मी खुर्चीत असताना विकलेल्या जमिनींवर चहूकडे इमारती झाल्या होत्या.

"दादा, आपल्याकडचा हा शेवटचाच प्लॉट."

मी श्वास सोडला आणि गाडीपर्यंत चालत गेलो. मागून तो खुर्ची घेऊन येत होता.