कडपांवर सोडलेलं पाणी

तुमच्या कापून ठेवलेल्या धानावर कोणी पाणी सोडलं, तर तुम्ही आधी काय उचलाल, फोन की फावडं? खरं सांगा. खुर्चीत बसून सगळेच फोन म्हणतात.

रुक्माबाईनं फावडं उचललं. नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या, म्हणजे भासऱ्याच्या, नडगीचं हाड मोडलं. तिचे स्वतःचे समोरचे दोन दात गेले, कपाळ फुटलं. कुडवा गावातल्या पानठेल्यांवर तिला 'पागल औरत' म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहावं, मग थोबाड उघडावं.

नागऱ्याकडची ही पोरगी लग्न होऊन भुवनेश्वरच्या घरी आली तेव्हा भावांच्या वाटण्या होऊन गेल्या होत्या. वरची बांधी, म्हणजे धानाचा वाफा, थोरल्या हुकुमचंदची, खालच्या दोन धाकट्या भुवनेश्वरच्या. मध्ये एक मातीचा धुरा. धानाच्या मुलखात पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. वरचा माणूस माजला की उतरत नाही. एका साली धान पोटरीत आलं आणि पाऊस गायब झाला. भुवनेश्वर धुऱ्याचं तोंड फोडायला गेला, तर सख्ख्या भावानं फावड्याच्या दांड्यानं त्याचा खांदा फोडला. दोघांचा बाप एकच होता, एवढंही आठवलं नाही. भुवनेश्वरचा डावा हात तेव्हापासून वर जात नाही. शेत रुक्माबाईनं हातात घेतलं, आणि भांडणही.

पण भांडायचं कसं? भासऱ्यासमोर डोईवर पदर, तोंडाला तोंड द्यायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही. मग ती पाठ फिरवून उभी राहायची आणि धुऱ्याशी बोलायची.

"धुऱ्या, तुया मालकाले सांग, अडवलेलं पाणी पोटात सडते म्हणा!"

हुकुमचंदही धुऱ्यालाच उत्तर द्यायचा. "धुऱ्या, तिले सांग, घरी जाऊन भात रांध!"

दोन पाठी एकमेकींवर ओरडायच्या. लोकांना फुकटचा तमाशा. पण पाणी तिनं दरवेळी शिव्या देऊन मिळवलं, हेही लिहून ठेवतो.

मग शहर कुडव्याच्या बाहेर सरकलं. हुकुमचंदच्या पोराला, लोकेंद्रला, धान नकोसं झालं. वरच्या बांधीत त्याला क्रिकेटचं टर्फ पाहिजे होतं. चारही बाजूंनी जाळी, वर लाइटा, खाली हिरवा प्लास्टिकचा गालिचा. ठेकेदार आला. त्यानं बांधीत खड्डा केला, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पाणी जसंच्या तसं. काळी चिकट कन्हार माती, पिढ्यान्पिढ्या चिखल तुडवून दाबलेली. पाणी खाली मुरू नये म्हणूनच तर तुडवलेली! ठेकेदार म्हणाला, "पहले पानी का रास्ता बनाओ, बाद में घास." बरोबर बोलला. चर खणले, छेदाचे पाइप टाकले, वर जाळीचं कापड आणि गिट्टी. सगळे पाइप एका जाड पाइपात जोडले.

आता तो जाड पाइप न्यायचा कुठे? रस्त्याची नाली समोर होती. पण तिकडे न्यायचा तर फाटकाखालून खोल खणावं लागत होतं. लोकेंद्रनं सोपं केलं. धुरा फोडला आणि पाइपाचं तोंड काकीच्या बांधीत काढलं.

रुक्माबाई त्याला म्हणाली, "बापू, नालीकडे ने. माया बांधीत कायले?"

लोकेंद्र मजुरांकडे पाहून हसला. "काकी, जिंदगीभर पाणी दे, पाणी दे करत होती. आता फुकट देऊन राहिलो, तं बोंबलतेस काऊन?"

मजूर खिदळले. त्या घरात खरंच सगळ्यांना तसंच वाटत होतं. खालच्याला एखाद्या वेळी पाणी नकोही असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

हलकं, लवकर पिकणारं धान कापून झालं. कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या ओळी, बांधीत वाळत पडल्या होत्या. शेजारची खालची बांधी उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची, ती अजून उभी. अशात पाऊस कोसळला. पूर्वीच्या बांधीनं तो पाऊस पोटात ठेवला असता. गिट्टीनं एक थेंब ठेवला नाही. सगळं पाणी त्या एका तोंडातून धडाधडा कडपांवर.

सकाळी रुक्माबाईनं चिखल पोत्यात भरला आणि पाइपाच्या तोंडात कोंबला. वर लोकेंद्रचं मैदान तुंबलं. बापलेक धावत आले. हुकुमचंद सवयीनं ओरडला, "धुऱ्या, तिले सांग, पोतं काढ!"

तिनं पाठ फिरवली. "धुऱ्या, मालकाले सांग, हात लावला तं हात राहणार नाई!"

हुकुमचंदनं पोत्याला हात घातला. भुवनेश्वर मध्ये पडला. एका हाताचा माणूस, काय पडणार? लोकेंद्रनं त्याला मानेला धरून चिखलात पालथा पाडला आणि त्याच दुखऱ्या खांद्यावर गुडघा रोवला. तोंड चिखलात. श्वासाचे बुडबुडे.

रुक्माबाई वळली. डोईवरचा पदर काढला, कमरेला खोचला. भासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "हुकुमचंद! पोराले उठव."

तो हलला नाही. नावानंच गार झाला होता. तिनं फावडं फिरवलं. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. बाप कोसळला तसा लोकेंद्र उठला. उरलेला पाइपाचा तुकडा त्यानं तिच्या तोंडावर हाणला, मग कपाळावर. ती पडली. रक्त थुंकली, उठली आणि पाइपाच्या तोंडासमोर फावडं रोखून उभी राहिली. "ये. अजून दात आहेत."

लोकांनी सोडवलं तोवर भुवनेश्वर खोकत उठून बसला होता.

ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी गेल्या. बुजुर्गांची बैठक बसली. चर्चा कशाची? दातांची नाही, कडपांची नाही, भुवनेश्वरच्या श्वासाचीही नाही. सुनेनं भासऱ्याचं नाव घेतलं! म्हणे पाय धरून माफी माग.

टाके घातलेल्या तोंडानं ती म्हणाली, "धरीन. मोडलेलाच धरीन. जोरानं."

बैठक उठली.

अर्ध्या कडपांना कोंब फुटले. उरलेल्या ती डोक्याला पट्टी बांधून उलटवत होती, भुवनेश्वर एका हातानं पेंढ्या बांधत होता. भारी धान अजून उभं आहे आणि पाइपाचं तोंड अजून तिच्याच बांधीत आहे. लोकेंद्र सांगतो, घास टाकून झाली की पाइपाचं पाहू. म्हणजे काय पाहणार, ते तुम्हालाही कळतं.

तेव्हा या टर्फवर खेळायला याल तर बॅट बाजूला ठेवा आणि आधी मागच्या धुऱ्यावर जा. पाइपाचं तोंड उघडं दिसलं तर बाजूचा चिखल उचला आणि ते बंद करा.