पंचमीला न कापलेलं प्लास्टिक

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बायका भावासाठी उपवास धरतात. माझी थोरली बहीण, आक्का, दर वर्षी धरते. यंदाही ती शेजारच्या औंधहून माहेरी आली ती माझ्या नावाचा उपवास धरूनच. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी जे केलं ते या उपवासाशेजारी ठेवून बघितलं, तरच माझी लाज कळेल.

मी कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची डिझाइनं काढतो आणि सांगलीत खोली घेऊन राहतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. खरं तर ती आक्का असायला हवी होती. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. माझे पाढे तिनं घेतले, माझी इंग्रजीची स्पेलिंगं ती चुलीपुढं भाकरी थापता थापता पाठ करून घ्यायची. अकरावी झाली, स्थळ आलं आणि तिचं लग्न झालं. मी इंजिनिअरिंगला सांगलीला गेलो. घरात कोणी मुद्दाम अन्याय केला असं मी म्हणणार नाही. पण माझ्या पदवीच्या फोटोत टोपी माझ्या डोक्यावर आहे आणि तिच्या कडेवर तिची मुलगी आहे, एवढं त्यात स्वच्छ दिसतं.

लहानपणी आमच्याकडं टीव्हीला जोडायचा कॅसेटचा व्हिडिओ गेम होता. त्यात आक्काला कोणी हरवू शकत नसे. गाड्यांच्या खेळात तर ती वळणावर वेगच कमी करायची नाही. म्हणून यंदा पगारातून मी कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, तेव्हा पहिला विचार आला तो हा, की पंचमीला कॉम्प्युटर घरी न्यायचा, टीव्हीला जोडायचा आणि आक्काच्या हातात गाडी द्यायची. नवं कार्ड कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, मावेना, म्हणून डबाही नवा घेतला, पुढून सगळी जाळी असलेला. एसटीत धक्के बसतील म्हणून दुकानदारानं त्याला चारी बाजूंनी पारदर्शक प्लास्टिक घट्ट गुंडाळून दिलं. तो मांडीवर घेऊन मी पंचमीच्या सकाळी रहिमतपूरला उतरलो आणि तिथून वडापच्या जीपनं गावात आलो.

टीव्हीखालच्या टेबलावर डबा ठेवला आणि प्लास्टिक काढायला कात्री घेतली. आई स्वयंपाकघरातून दिंडांचं पुरण वाटता वाटता ओरडली, "ठेव आधी ती कात्री! आज कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, ठावं हाय न्हवं?"

"आई, हे प्लास्टिक आहे."

"प्लास्टिक असू दे न्हाईतर आनि काय. नागोबाला कळतंय व्हय त्यातलं?"

आक्का हसली. "सांगलीला जाऊन इसरला बघ ह्यो."

मी कात्री ठेवली. मागच्या बाजूनं नखांनी प्लास्टिक फाडलं, वायरी जोडण्यापुरतं. बाकीचं उद्या काढू म्हटलं. आमच्या घरात तसंही नव्या वस्तूचं प्लास्टिक कोणी काढत नाही. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे, फ्रिजच्या दारावरची पातळ फिल्म पिवळी पडली तरी तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही.

गेम सुरू झाला. आक्का पाय दुमडून टीव्हीसमोर बसली, पदर खोचला आणि पहिल्याच वळणावर मला मागं टाकलं. "आरं, ह्ये तर लयच पळतंय!" दहा-पंधरा मिनिटं आमची अशी गेली की मला वाटलं, मधली वर्षं झालीच नाहीत. मग गाडी अडखळायला लागली. चित्र थांबे, पुढं उडी मारे, परत थांबे. आक्काची गाडी एका खडकावर जाऊन बसली.

"थांब," मी म्हणालो, "एवढं बघतो."

ती थांबली. थोड्या वेळानं शेंगा फोडत माझ्या मागं येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुज्याशी बोलायचं हुतं. मला बारावीला बाहेरनं बसायचंय. ह्यास्नी इचारलं, तर म्हंत्यात आता शिकून काय मास्तरीण व्हनार हाईस? रविवारी न्यायला येत्याल तवा तू बोल. तुजं ऐकत्यात ते. शिकल्यालं मानूस हाईस."

"बोलतो की. त्यात काय एवढं."

"यंदाचा फॉर्म भरायचा तर आत्ताच बोलाय पायजे."

"हो गं, बोलतो म्हणालो ना," असं मी पडद्याकडं बघतच म्हणालो.

त्यानंतर मी कार्डामागं लागलो. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा कमी केला, थोडा वेळ बरं चाललं, पुन्हा अडकलं. कार्डाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं म्हणून मोबाईलची रेंज शोधत गोठ्यापाशी उभा राहिलो. गावाकडच्या व्होल्टेजचा दोष असेल म्हणून फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला लावला, आईचं दूध नासलं. दुकानात हेच कार्ड सुरळीत चाललं होतं, म्हणजे माझ्या जुन्या प्रोसेसरला ते झेपत नसणार असं इंटरनेटवरच्या चार अनोळखी लोकांचं वाचून मी ठरवून टाकलं. डबा उघडावा तर दुकानदाराचं सील तुटेल आणि वॉरंटी जाईल ही भीती. मागं हात लावला तर गरम वाफ येत होती, तेव्हा टेबल फॅन आणून डब्याच्या तोंडासमोर ठेवला. समोरचं प्लास्टिक फडफडायला लागलं. तो आवाज मला खटकला, म्हणून मी ते सेलोटेपनं नीट चिकटवून टाकलं. आज हे लिहिताना हात थांबतो.

शनिवारी बायका झोक्याला गेल्या. आक्का दोनदा बोलवायला आली. "चल की, झोका दे मला. न्हाईतर परत वर्सानं." मी म्हणालो, "एवढं होऊ दे." तिला खेळवायचं म्हणूनच मी हे करतोय, ही माझी मनातली समजूत इतकी पक्की होती की ती दारातून परत जाताना मला काहीच वाटलं नाही.

रविवारी जेवणाआधी दाजी आले. त्यांची शेती आहे आणि पिठाची गिरणी. मनानं चांगला माणूस, पण बोलायला लागला की समोरच्याला सोडत नाही. मी टेबलाखाली वायरी चाचपत होतो. त्यांनी चहाची बशी हातात घेतली आणि पडद्यावरची अडकणारी गाडी बघत बसले.

"काय पाव्हणं, चालंना व्हय?"

"चालतंय. जरा अडकतंय."

"कवापासनं?"

आईनंच उत्तर दिलं. "परवापासनं हाय बघा हे असंच. जेवायचं बी भान न्हाई."

"आमच्या गिरणीचा पट्टा निसाटला तर गडी लात घालून नीट करतोय," दाजी म्हणाले. "चार वर्सं इंजिनेरिंग केलंसा, आन एक मशीन चालंना? मंग शिकून उपेग काय?"

वडील हसले. आईनं पदर तोंडाला लावला. साधी थट्टा होती. पाव्हण्यानं मेव्हण्याची करावी तशी. फक्त आक्का हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. ते हसण्यावारी नेऊन, त्याच बोलण्याचा धागा धरून मला तिचा विषय काढता आला असता. पण तीन दिवसांचा राग माझ्या जिभेवर आला.

"गिरणी आणि कॉम्प्युटरमध्ये फरक असतो, दाजी. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये."

दाजींनी बशी खाली ठेवली. "बरं बाबा," एवढंच म्हणाले. जेवताना ते वडिलांशी उसाच्या तोडीबद्दल बोलले, माझ्याशी एक शब्द नाही. आक्का वाढायला आली तेव्हा तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी आमटीत भात कालवत राहिलो.

निघताना तिला परसातला गवती चहाचा ठोंब न्यायचा होता. मुळांना ओली माती होती, मोटरसायकलवर पिशवी खराब होईल म्हणून ती काहीतरी शोधत घरभर फिरली. शेवटी माझ्या टेबलापाशी आली. "ह्ये घिऊ का? तुला लागनार हाय का ह्ये?"

"घे."

तिनं टेप नखानं उचलली, पुढचं प्लास्टिक टर्रकन ओढून काढलं, ठोंब त्यात गुंडाळला आणि ती गेली. तिनं जाताना घेतलेला निरोपही मला नीट आठवत नाही.

मोटरसायकलचा आवाज वेशीपलीकडं गेल्यावर, आवरून ठेवण्याआधी एकदा बघू म्हणून, मी गेम लावला. गाडी पळाली. मी अडकण्याची वाट बघत बसलो. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. वळणं येत गेली आणि गाडी लोण्यावरून सरकावी तशी सरकत गेली. मी जाळीपाशी हात नेला. आतले पंखे हवा ओढत होते आणि तळहाताला गार वाटत होतं. तीन दिवस ते कोंडले होते. श्वास घ्यायची जागा मीच चिकटवून बंद केली होती.

सोमवारी कारखान्यात रजा कळवली आणि सांगलीच्या गाडीऐवजी वडिलांची मोटरसायकल काढून औंधला गेलो. दाजी गिरणीत होते. दळणाला आलेली माणसं होती. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "दाजी, काल चुकलं माझं. उलटं बोललो." आणि प्लास्टिकचं सगळं सांगितलं.

ते इतके हसले की त्यांच्या भुवयांवरचं पीठ गळालं. "ऐका रं! ह्या इंजिनेरानं मशीनचं नाक दाबलं, आन वर बसून इचारतोय, तुला दम का लागतोय!"

सगळे हसले. मी हसू दिलं. मग आक्काचं काढलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, माझी पदवी अर्धी तिची आहे, तिला बारावीला बसू द्या, पुस्तकं मी देतो.

दाजींनी गिरणी थांबवली. "एका प्लास्टिकपायी तीन दिस घालवलंसा तुमी. आन तुमच्याच तोंडानं सांगताय, हिला शिकवा?" हे ते चिडून म्हणाले नाहीत. म्हणूनच ते जास्त लागलं. मग गिरणीचं बटण पुन्हा दाबत म्हणाले, "बघू."

आक्का गिरणीमागच्या अंगणात होती. गवती चहा लावून झाला होता. प्लास्टिक धुऊन तिनं दोरीवर वाळत घातलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"रविवारी बोलायला हवं होतं मी," मी म्हणालो.

"व्हय, रविवारीच बोलाय पायजे हुतंस," ती म्हणाली. माझी समजूत घालायचा प्रयत्न तिनं केला नाही. मग दोरीवरचं प्लास्टिक उलटं करत म्हणाली, "बघू म्हनले न्हवं? न्हाई तर म्हनले न्हाईत. इंग्रजीचं पुस्तक पाठव. तुज्या खेळावानी अडकवत बसू नगंस."

पुस्तक मी त्याच आठवड्यात पाठवलं. दाजींचं 'बघू' अजून 'बघू'च आहे आणि फॉर्मची मुदत जवळ येतेय. दर दोन दिवसांनी मी त्यांना फोन करतो, ते आधी मशीनच्या नाकाची चौकशी करतात, मग मी आक्काचा विषय काढतो. सांगलीच्या खोलीत गेम आता एकदाही अडकत नाही. मला मात्र तो दहा-पंधरा मिनिटांपलीकडं खेळवत नाही. तेवढाच आक्का खेळली होती.