मिठात उतरलेले बूट

आमच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्याचे पाय बधिर झाले की कोणी घाबरत नाही, उलट मिरवतात. "आगरातले पाय हायत, काटा मोडंल पण शिरणार नाय!" माझे बाबा हे पेणच्या बाजारात उभं राहूनसुद्धा सांगायचे. त्याच पायांना चादर लागली तरी "आग लागली गो पायाला" म्हणून कळवळायचे, ते मात्र घराबाहेर कोणाला कळू द्यायचे नाहीत.

गेल्या शिमग्याला मी माहेरी गेले, तर बाबांच्या तळव्यात शिंपलीचा तुकडा रुतलेला, भोवती पू, आणि हा माणूस ओटीवर मजेत चहा पितोय! माझं डोकंच फिरलं. हाताला धरून गाडीत घातलं ते थेट माझ्या सासरी, रोह्याला, आमच्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाईंनी डोळे मिटायला लावून तळव्यावरून कापूस फिरवला. बाबा म्हणाले, "करा की सुरू." कापूस कधीच फिरवून झाला होता.

साखर बरीच वाढलेली निघाली. "हे मिठानं नाही, साखरेनं झालंय," बाई म्हणाल्या. "पायापर्यंत जाणाऱ्या लांब नसा आधी खराब होतात. मग त्या नसलेल्या आगीची वर्दी देतात आणि खऱ्या जखमेची देत नाहीत. आगीवर गोळी देते, हळूहळू वाढवू. पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. रोज तळवे बघायचे, अनवाणी चालायचं नाही. नाहीतर पाय जाईल."

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "मिठात जोडे घालून कोण उतरतं गो?" खरंच कोणी उतरत नाही. जोड्यांच्या चिखलानं मीठ काळं पडतं, आणि जोडे घालणारा नाजूक ठरतो. आगर सुटलं तर बाबा घरात झुरणार आणि अनवाणी गेले तर पाय गमावणार. मला रडूच फुटलं.

जखम भरली, गोळीनं आगही बरीच निवली. या हंगामाच्या पहिल्या दिवशी बाबा कोरे रबरी बूट घेऊन बांधावर आले. मीही मुद्दाम गेले होते. सगळ्यांदेखत त्यांनी बूट धुतले, आत खडा नाही ना हे हात घालून बघितलं आणि वाफ्यात उतरले. हशा पिकला. त्यांचे एक जुने जोडीदार ओरडले, "काय रं, साहेब झालास?"

"नाय. आजारी हाय," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "पाय जळतात माझे."

जन्मात हे त्यांच्या तोंडून चारचौघांत ऐकलं नव्हतं. माझी छाती अभिमानानं फुगली, अगदी खरं सांगते.

दुपारी भाकरी खायला बसलो, तर ते जोडीदार सरकत बाबांजवळ आले. खाली बघत म्हणाले, "माझे पण जळतात रं."

बाबांनी हातातली भाकरी ठेवली. "पायात कायतरी घाल," ते म्हणाले. "रोह्याला जाऊ."